शेरडं जनावरांत धरा

मी सध्या जिथं राहते तिथली भाषा मला येत नाही. ओडिशातला डोंगराळ मुलूख आहे, भात पिकतो, पाण्याला तोटा नाही. सकाळी बायका शेळ्या घेऊन माझ्याकडं लस टोचायला शिकायला येतात. मी शेळीच्या कातड्याची चिमटी धरून दाखवते, त्या तशी धरतात, मी मान हलवते. निम्मं शिक्षण असंच चालतं. खोलीवर परत आले की मात्र जीव घाबरा होतो. आज आपल्या हातून कुणाची शेळी बिघडली तर नसेल? सुई नीट उकळली होती ना? सातवीत शाळा सोडलेल्या बाईला या लोकांनी एवढ्या लांब बोलावून घेतलं, त्यांना पुढं पस्तावायची पाळी तर येणार नाही? ही भीती काही जात नाही. तिला घेऊनच स्वयंपाक करते, तिला घेऊनच झोपते.

इथल्या एका शिकलेल्या माणसानं दुभाष्याकरवी मला विचारलं, शेळीनं कधी गरिबी हटते का हो? मी म्हटलं, हटत नाही साहेब. पण शेळी मेली की गरिबी वाढते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वाढायची तेवढी आम्ही थांबवतो, हटवायचं तुम्ही बघा. तो हसला. मी हसण्यासाठी बोलले नव्हते.

माझं माहेर उमापूरकडचं आणि सासर पाटोदा तालुक्यातलं. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती, सगळी बौद्ध घरं. एकदोघं नोकरीला लागून शहरात गेलेली, बाकीची रोजानं जाणारी. दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त वस्ती ऊसतोडीला निघायची. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता. एकटा गेला तर अर्धा कोयता. मी लहानपणी आईबापाच्या कोयत्यामागं गेले, त्यातच शाळा सुटली, आणि लग्नानंतर मालकांबरोबर आमचा स्वतःचा कोयता झाला. मग मुलगी शाळेच्या वयाची झाली आणि मी ठरवलं की आता ही फडात जाणार नाही, म्हणजे मीही जाणार नाही.

ठरवायला काही लागत नाही. मागं राहून खायचं काय, तेवढंच कोडं होतं. मी शेळ्या वाढवल्या. अडचण आली की एक बोकड पाटोद्याच्या बाजारात न्यायचा आणि तो हंगाम काढायचा. मालक एकटे अर्धा कोयता म्हणून जायचे, कुरकुर करायचे, पण जायचे. शेळ्या जगल्या तर मुलगी शाळेत, मेल्या तर आम्ही तिघं फडावर, पाचटाच्या झोपडीत, कोपीत. माझ्या डोक्यात यापलीकडं दुसरं काही नव्हतं.

असं चाललेलं असताना ते दुष्काळी साल आलं. विहिरी तळाला गेल्या, टँकरची वाट बघता बघता बायकांच्या डोक्यावर उन्हं यायची. कडबा दिसेना. गावच्या दूध संस्थेनं माळावर चारा छावणी उघडली. हिरव्या जाळीच्या सावलीत गायी-म्हशींच्या रांगा लागल्या, उसाचं वाढं आलं, पेंड आली. संस्थेचे चेअरमन गावातले मोठे शेतकरी. गाव त्यांना अण्णा म्हणायचं, आम्हीही म्हणायचो. छावणी उघडली त्या दिवशी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"अण्णा, आमची शेरडं आणू का?"

"शेरडं?" ते बघतच राहिले. "बाई, ही जनावराची छावणी हाय."

"लहान जनावर बी चालतंय म्हणं. नियमात लिव्हलंय."

"लहान जनावर म्हंजे वासरू. शेरडू न्हाई. शेरडाला काय धाड भरलीय? बाभळ हाय, बोर हाय, डोंगुर मोकळा पडलाय."

मी मागं फिरले. त्यांचं बोलणं मला चूक वाटलं नाही, हे इथं सांगायलाच हवं. आमच्याकडं जनावर म्हणजे बैल, गाय, म्हैस. शेळी ही शेळी. कुणाच्या घरी जनावर आहे म्हटलं की समजायचं, त्याला रान आहे, औत आहे, दारात शेणाचा पो पडतो. आमच्या दारात लेंड्या पडायच्या. भुई सारवायला शेण आम्ही वरच्या आळीतून मागून आणायचो. मग आमच्या घरी जनावर आहे असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

छावणीत मला काम मात्र मिळालं. शेण भरायचं आणि उकिरड्यावर टाकायचं.

त्याच सुमाराला वस्तीत एक माणूस सर्वे करायला आला. डोक्यावर टोपी, खांद्याला पिशवी, शहरातून पाठवलेला. कसलं तरी संशोधन आहे, घरोघरी विचारून लिहायचंय, एवढंच तो सांगायचा. त्याला स्वतःलाही फारसं ठाऊक नसावं. माझ्या घराशेजारी माझी चुलत सासू राहायची. पाठीतून वाकलेली म्हातारी, पण तोंड सरळ. सगळी वस्ती तिला मोठी आई म्हणायची. तो आधी तिच्या दारात गेला.

"आजी, घरी जनावरं किती?"

"न्हाईत बाबा."

"एक पण नाही?"

"कुठून असत्याल? रान न्हाई, शिवार न्हाई. जनावर बांधू कुठं, माझ्या डोक्यावर?"

तेवढ्यात मोठ्या आईच्या शेळीनं त्याच्या पिशवीचा बंद तोंडात धरला. तो एकीकडून ओढतोय, शेळी एकीकडून. म्हातारीनं शेळीच्या पाठीत धपाटा घातला, बंद सोडवला, पदरानं पुसून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "लिव्ह, जनावर न्हाई."

त्यानं लिहिलं. मग माझ्या दारात आला. मीही म्हटलं, न्हाईत. माझी करडं डालग्याखाली ओरडत होती, त्यांच्यापेक्षा मोठ्यानं मला बोलावं लागलं. सगळ्या वस्तीनं हेच सांगितलं. कुणी खोटं बोललं नाही. त्याच्या कागदावर जनावर हा शब्द छापलेला होता, त्यानं तो वाचला. आम्ही त्याला खरं उत्तर दिलं. तो शेळ्यांच्या कळपातून वाट काढत, पिशवी छातीशी धरून निघून गेला.

पुढं काही दिवसांनी, मी छावणीत शेणाची पाटी भरत होते आणि एक जीप आली. जीपमधून जनावरांच्या डॉक्टरीण बाई उतरल्या. नागपूरकडच्या असाव्यात, बोलणं मऊ होतं. मागच्या सीटवर बर्फाची पेटी होती. बर्फ मांजरसुंब्याच्या ढाब्यावर भरून घेतला, असं ड्रायव्हर कुणाला तरी सांगत होता. अण्णांनी खुर्ची मागवली, चहा आणि बर्फी मागवली. माझी शेण भरायची जागा त्यांच्या खुर्चीच्या मागंच होती, म्हणून मला ऐकू आलं.

"शेळ्यांचा प्लेग पलीकडच्या तालुक्यात आलाय," बाई सांगत होत्या. "नाक वाहतं, तोंडात फोड येतात, संडास लागते, कळपच्या कळप बसतो. लस वेळेवर टोचली आणि गावातल्याच कुणाला तरी ते काम शिकवलं, तर गरीब घरात किती शेळ्या वाचतात ते आम्हाला बघायचंय. पण तुमच्या खालच्या वस्तीत एकाही घरी जनावर नाही असं सर्वेत आलंय. म्हणून पुढच्या गावाला चाललेय."

"बरोबर हाय मॅडम," अण्णा म्हणाले. "वस्तीत कुणाकडं जनावर न्हाई."

मीही मनात म्हटलं, बरोबर आहे. पाटी उचलली. दोनचार पावलं गेले आणि मग जागीच थांबले. बाई शेळ्या म्हणत होत्या. जनावर म्हणताना त्या शेळ्याच म्हणत होत्या!

पाटी खाली ठेवायचं भानसुद्धा राहिलं नाही. तशीच त्यांच्यापुढं गेले.

"मॅडम, शेळ्या हायेत की. वस्तीत घरटी शेळ्या हायेत."

"आधी ते शेण टाकून ये," अण्णा म्हणाले.

बाईंनी मात्र कप खाली ठेवला. "अहो, पण सर्वेत तुम्हीच नाही म्हणून सांगितलंत ना?"

"तुमी जनावर इचारलं. शेळी कुठं इचारली?"

बाईंनी सर्वेचा कागद काढून बघितला. मग अण्णांकडं बघून म्हणाल्या, "शेळीला इकडं जनावर म्हणत नाहीत?"

"शेरडाला कोण जनावर म्हणतंय मॅडम?" अण्णांनाही खरंच नवल वाटलं होतं. त्यांच्यातही लबाडी नव्हती. सगळे आपापल्या जागी खरे होतो आणि लस पुढच्या गावाला निघाली होती.

बाई म्हणाल्या की गावांची निवड झालेली आहे, लस त्या हिशोबानं मिळालीय, मधेच एक वस्ती घालायची तर वर विचारावं लागेल, आणि त्याला वेळ लागेल. त्या वाईट वाटून बोलत होत्या, ते दिसत होतं. पण वाईट वाटून माझ्या शेळीला काय उपयोग?

"चहा घिऊन जाणार न्हवं मॅडम?" मी विचारलं.

"हो, थोडा वेळ आहे. गायींचं रक्त घ्यायचंय काही."

मी शेण उकिरड्यावर न टाकता वाटेतच टाकलं आणि वस्तीकडं पळाले.

वस्तीत उन्हामुळं शेळ्या अजून सुटल्या नव्हत्या. मी दारोदारी ओरडत गेले. चला, शेरडं घ्या, छावणीवर चला. कावून, काय झालं म्हणत बायका बाहेर आल्या. मी धापा टाकत काय सांगितलं मला आठवत नाही, पण मोठ्या आईला बरोबर कळलं. ती म्हणाली, "म्हंजे आपुनच आपली शेरडं मारली व्हय गं?" आणि काठी घेऊन तीच पुढं झाली.

छावणीच्या फाटकाशी आम्ही पोचलो तेव्हा आमच्या मागं धुळीचा लोट होता. दुष्काळात बाभळीच्या शेंगांवर जगलेल्या शेळ्या, त्यांना समोर हिरवं वाढं दिसलं. कोण थांबतंय? फाटकाखालून, कुंपणातून, म्हशींच्या पोटाखालून शेळ्या आत घुसल्या. एक तर अण्णांच्या खुर्चीवर पुढचे पाय टेकून बर्फीच्या ताटलीत तोंड घालायला गेली. म्हशी बिथरल्या. राखणदार काठ्या घेऊन धावले.

"ए! हाकला, हाकला ती शेरडं!" अण्णा उठून ओरडायला लागले. "जनावराच्या छावणीत शेरडं घालता? अक्कल हाय का न्हाई?"

मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "अण्णा, आमी चारा खायला आलो न्हाई. मॅडमला दावायला आलो. हे जनावर हाय का न्हाई तेवढं एकदा सांगा."

"सांगितलं की. न्हाई!"

तेव्हा मोठी आई काठी टेकत पुढं आली. तिचं बोलणं मी जन्मात विसरणार नाही.

"लेकरा," ती अण्णांना म्हणाली. ती त्यांच्या आईच्या वयाची होती. "तुझ्या आज्याचा बैल मेला तर माझा सासरा ओढायला जायचा. मेलेलं जनावर ओढायचं तवा आमी पायजे हुतो. ते काम आमी सोडलं, गावानं चारी वाटा बंद केल्या, तरी सोडलं. आज जितं जनावर घिऊन तुझ्या दारात आलाव, तर तू म्हणतूस हे जनावरच न्हाई. मग ह्ये काय हाय? माझी सवत हाय?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग राखणदारच हसायला लागले. अण्णा हसले नाहीत, पण खाली बसले. "म्हातारे, तुझ्या तोंडाला लागायचं म्हंजे..." एवढं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं.

डॉक्टरीण बाई मात्र शेळ्यांकडं बघत होत्या. वाकून एकीचे डोळे, एकीचं तोंड उघडून बघितलं. मग ड्रायव्हरला म्हणाल्या, "पेटी काढ." ड्रायव्हर म्हणाला, मॅडम, वरून विचारतील. त्या म्हणाल्या, "विचारू देत. प्रश्न आपला चुकला, त्याची शिक्षा यांना का?" त्या जोखीम घेत होत्या. पुढं त्यांना त्याबद्दल ऐकूनही घ्यावं लागलं, हे मला फार नंतर कळलं. आमची वस्ती त्यांनी मागून संशोधनात घालून घेतली, आणि सर्वेचा प्रश्नही बदलला. मी त्या बाईंचे उपकार मानते. मानायला मला लाज वाटत नाही. उपकार मानणं आणि हात जोडून गप्प बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही मी त्यांच्याकडूनच शिकले.

लस कालवली की लगेच टोचून संपवावी लागते, नाहीतर वाया जाते. बाई एकट्या, शेळ्या मोकाट. आम्ही बायकांनी धरून द्यायला सुरुवात केली. मी एकेकीची मान मांडीत दाबून धरत होते. मधेच बाईंनी माझ्या हातात सुई दिली.

"तुम्ही टोचा."

"मी? मॅडम, मला नगं. मेली बिली तर?"

"कातडं उचला. सुई कातड्याखाली, मांसात नाही. बस."

पहिली शेळी मी माझीच घेतली. दुसऱ्याची कशी घेणार? टोचलं, औषध आत गेलं, शेळी झटक्यानं उठली आणि जणू काही झालंच नाही अशी वाढं ओढायला गेली. मी लगेच पुढची शेळी मांडीत ओढली.

मोठ्या आईच्या एका शेळीला बाईंनी टोचायला नकार दिला. तिचं नाक वाहत होतं, अंग तापलं होतं. आजारी असेल तर लस उपयोगाची नाही, तिला वेगळी बांधा, म्हणाल्या. म्हातारीनं लई विनवण्या केल्या. बाई ऐकल्या नाहीत. ती शेळी त्याच आठवड्यात गेली. सर्वेवाल्याच्या पिशवीचा बंद ओढणारी तीच. लस घेण्याइतकी मोठी न झालेली करडंही पुढं काही घरी गेली, माझ्याही. मरतूक आलीच. पलीकडच्या गावांत दावणी रिकाम्या झाल्या, बाजारात लोक शेळीकडं बघायला तयार नव्हते. पण आमच्या वस्तीत टोचलेल्या शेळ्या उभ्या राहिल्या. मी सकाळी उठून आधी त्यांच्या नाकाला हात लावायची. वाहत नाही असं दिसलं की चूल पेटवायची.

पाऊस झाला, छावणी उठली. आम्ही बायकांनी अण्णांकडं जाऊन मागितलं की शेळीवालीलाही संस्थेत सभासद करा. ते म्हणाले, शेळीचं दूध डेअरी घेत नाही, मी तरी काय करू? नियमावर बोट ठेवून बोलले. आम्ही भांडलो, पण त्यांनी मानलं नाही. मग विहारात बसून आम्ही आमची शेळीवाल्यांची संस्था काढली. तालुक्याच्या कचेरीतले बाबू म्हणाले, असल्या संस्था फार बघितल्या, दोन वर्षांत गुंडाळतात. आम्ही म्हटलं, दोन वर्षांनी बघायला या. चहा पाजतो.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मुकादम आला. ऊसतोडीच्या जोड्या ठरवणारा माणूस, ओळखीचाच. आमच्या ओट्यावर बसला आणि मालकांना म्हणाला, "काय, यंदा तरी पुरा कोयता का आर्धाच?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. दुष्काळ अंगावरून गेलेला, डब्यात फारसं काही नाही, मागं राहून पुन्हा काही झालं तर? पण तोंडातून निघालं, "न्हाई. पुरा बी न्हाई आन् आर्धा बी न्हाई. मालक बी हितंच ऱ्हातेल."

"ताई, शेरडाच्या शेपटाला धरून संसार होत नसतोय."

"तुमच्या कोयत्याला धरून कुणाचा झाला दादा? एक माणूस दावा, मी उद्याच निघते."

मुकादम मालकांकडं वळला. "लई तोंड सुटलंय रं हिचं."

मालक तंबाखू मळत होते. मान वर न करता म्हणाले, "लग्नात बी असंच हुतं. तुमी जेवायला आलतात की. तवाच कावून न्हाई सांगितलं?"

मुकादम शिव्या देत उठला. जाताना म्हणाला, संक्रांतीपर्यंत पाय धरायला याल. ते वाक्य मला कितीतरी दिवस खात राहिलं. मालक मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर कामाला लागले. मी आसपासच्या वस्त्यांत बाईंनी दिलेली पेटी घेऊन टोचायला जायला लागले. कोयत्यानं मला जास्तीत जास्त कारखान्यापर्यंत नेलं असतं. या सुईनं कुठल्या कुठं आणलं. पण तेव्हा ते काही माहीत नव्हतं. तेव्हा फक्त भीती होती आणि हट्ट होता.

ट्रॅक्टर निघाले त्या सकाळी वस्तीतली निम्मी घरं ट्रॉलीत चढली. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं. माझ्या मुलीच्या मैत्रिणी वर बसून हात हलवत होत्या, गाणी म्हणत होत्या. तिला ती जत्राच वाटत होती. ती माझा पदर ओढून रडायला लागली, "आपुन कावून न्हाई जायचं? सगळे चाललेत. मला बी जायचंय."

पेटीत बर्फ भरून झाला होता, मला पलीकडच्या वस्तीत पोचायचं होतं. समजावत बसायला वेळ नव्हता.

"रडायचं तर रड," मी म्हटलं. "पण दप्तर घे आन् चल."